‘अलाउ’ दाबण्याआधी: ब्राउझर नोटिफिकेशनमधली फसवणूक ओळखायची आणि थांबवायची कशी

स्क्रीनच्या कोपऱ्यातून एक पाटी सरकत येते: “तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले. ताबडतोब साफ करा.” शेजारी लाल ढाल, खाली ‘स्कॅन करा’ असं बटण. कुठलीही साइट उघडलेली नसते. साहजिकच हा इशारा संगणकानेच दिला असं वाटतं. प्रत्यक्षात तो एका भलत्याच वेबसाइटने पाठवलेला असतो, आणि तो पाठवायची परवानगी तिला याच ब्राउझरमधून, एका क्लिकने, आधी कधीतरी दिली गेलेली असते.

अशा वेळी बहुतेक संगणकांत व्हायरस नसतोच. म्हणूनच अँटिव्हायरसने तासभर तपासणी करूनही काही हाती लागत नाही आणि पाट्या येतच राहतात. परवानगी काढून घेतली की दोन मिनिटांत सगळं शांत होतं. ती कशी उकळली जाते, खोटी पाटी कशी ओळखायची आणि परवानगी कशी काढायची, ते क्रमाने पाहू.

आधी यंत्रणा समजून घ्या

वेबसाइटला टॅब बंद असतानाही सूचना पाठवता यावी, यासाठी नोटिफिकेशनची सोय केली गेली. क्रोममध्ये ती २०१५ साली आली, फायरफॉक्समध्ये २०१६ च्या सुरुवातीला. ईमेल, चॅट, कॅलेंडर अशा साइटना तिचा खरा उपयोग आहे. अशी साइट ब्राउझरमध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवते, त्याला सर्व्हिस वर्कर म्हणतात; तुम्ही ‘अलाउ’ दाबलंत की तो सूचना दाखवू शकतो. पुढचा प्रत्येक निरोप ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत येतो आणि या प्रोग्रामला जागं करतो. ती साइट पुन्हा उघडण्याची गरजच उरत नाही.

परवानगी मिळते ती पूर्ण पत्त्याला. पत्त्याचा सुरुवातीचा, पहिल्या टिंबाआधीचा तुकडा बदलला की ब्राउझरच्या लेखी ती वेगळी साइट. याचा फायदा ठग असा घेतात: तुम्ही ‘ब्लॉक’ दाबलंत की पान लगेच तुम्हाला दुसऱ्या तुकड्याच्या पत्त्यावर ढकलतं आणि तोच प्रश्न पुन्हा येतो. पाच-सहा वेळा नकार दिल्यावर माणूस कंटाळून ‘अलाउ’ दाबतो. इथे करण्यासारखं एकच आहे, तो टॅब बंद करणे.

आणखी एक गैरसमज: ब्राउझिंग हिस्ट्री पुसली की परवानगीही गेली. तसं होत नाही. हिस्ट्री वेगळी, साइटच्या परवानग्या वेगळ्या.

या उद्योगात पैसा कुठून येतो, हे माहीत असलं की पाट्यांची भाषा लगेच लक्षात येते. ज्याच्याकडे लाखो लोकांची परवानगी जमा आहे, तो त्या लोकांच्या क्लिक जाहिरातवाल्यांना विकतो. कोणी क्लिकमागे पैसे देतं, कोणी विक्रीमागे कमिशन. त्यामुळे ‘अँटिव्हायरसची मुदत संपली’ ही पाटी दाबल्यावर कधीकधी खऱ्या, नावाजलेल्या कंपनीचंच पान उघडतं. शेवटचं पान खरं निघालं म्हणून इशारा खरा ठरत नाही. मधल्या माणसाने घाबरवून ग्राहक आणलेला असतो, इतकंच.

परवानगी उकळण्याच्या युक्त्या

ब्राउझरची खरी विचारणा फार रुक्ष असते. संगणकावर क्रोममध्ये ती ॲड्रेस बारला लागून, वरच्या डाव्या बाजूला येते: अमुक साइटला नोटिफिकेशन दाखवायच्या आहेत, ‘अलाउ’ की ‘ब्लॉक’? फोनवर हेच छोट्या चौकटीत येतं. त्या चौकटीचा मजकूर ब्राउझरचा असतो आणि साइटला त्यात एक अक्षरही बदलता येत नाही. म्हणून साइट काय करते, तर चौकटीच्या आजूबाजूला, स्वतःच्या पानावर, खोटं कारण रंगवते.

सगळ्यात जास्त चालणारं कारण म्हणजे ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’. सोबत यंत्रमानवाचं चित्र आणि चौकटीकडे रोखलेला बाण. खऱ्या कॅप्चाचा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणाऱ्या चाचणीचा, आणि नोटिफिकेशनचा काडीचाही संबंध नाही. खरा कॅप्चा पानातच असतो: चौकोनात खूण करा, चित्रं निवडा. तो ब्राउझरकडे कधीच परवानगी मागत नाही. तेवढं एक पक्कं ध्यानात ठेवलं तरी निम्मे सापळे टळतात.

बाकीची कारणं त्याच घाटाची. ‘व्हिडिओ सुरू करण्यासाठी अलाउ दाबा’, ‘तुमचं वय १८ च्या पुढे असेल तर अलाउ दाबा’, ‘फाइल तयार आहे, डाउनलोडसाठी अलाउ दाबा’, ‘बक्षीस मिळवण्यासाठी अलाउ दाबा’. व्हिडिओ चालायला, वय तपासायला किंवा फाइल उतरवायला नोटिफिकेशनची परवानगी लागतच नाही. पान सांगतं ते कारण आणि चौकट विचारते तो प्रश्न यांचा मेळ बसत नसेल, तर पान खोटं बोलतंय.

फुकट सिनेमे, सामन्यांचं थेट प्रक्षेपण, क्रॅक केलेली सॉफ्टवेअर, फाइलचं रूपांतर करून देणाऱ्या साइट, आणि पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकल्यावर उघडणारी पानं, अशा ठिकाणी हे जास्त भेटतं. तिथलं ‘प्ले’ बटण पुष्कळदा व्हिडिओचं नसतंच. फायरफॉक्सने जानेवारी २०२० पासून असा नियम केला, की वापरणाऱ्याने पानावर काहीतरी क्लिक केल्याशिवाय परवानगीची चौकट उघडायची नाही. ती क्लिक मिळवण्यासाठी खोटं ‘प्ले’ बटण फार सोयीचं पडतं.

याच कुळातला एक जास्त धोकादायक प्रकार आहे. पान म्हणतं, “पडताळणीसाठी कीबोर्डवर विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर.” यात नोटिफिकेशनचा प्रश्नच नाही. पानाने एक घातक आज्ञा आधीच गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हातून संगणकाला द्यायला लावली जाते. असं सांगणारं पान दिसलं की कशालाही हात न लावता टॅब बंद करा.

एखादी संशयास्पद साइट उघडावीच लागली, तर क्रोमच्या इन्कॉग्निटो (खासगी) विंडोत उघडा. तिथे नोटिफिकेशनची परवानगी देताच येत नाही. इतर धोके मात्र तिथेही तसेच राहतात.

आलेली पाटी वाचायची कशी

पाटीवरचं जवळपास सगळं पाठवणारा ठरवतो: मथळा, मजकूर, चिन्ह, मोठं चित्र, क्रोममध्ये तर दोन बटणंसुद्धा. म्हणजे बँकेचं बोधचिन्ह, अँटिव्हायरसची ढाल, ‘१ मिस्ड कॉल’ असा हिरवा गोल, हे कशाचाही पुरावा नाही. ‘बंद करा’ किंवा ‘अनसबस्क्राइब’ असं लिहिलेलं बटणही ठगानेच लावलेलं असू शकतं, आणि ते दाबलं की त्याचंच पान उघडतं. म्हणून पाटीवरचं कुठलंच बटण दाबू नका. कोपऱ्यातल्या फुलीने ती बंद करा, फोनवर बाजूला सरकवा.

ठगाला बदलता न येणारी जागा एकच: ब्राउझरचं नाव आणि साइटचा पत्ता. ही ओळ बारीक, फिक्या अक्षरांत असते. आधी तीच वाचा. तिथे क्रोम किंवा एज असं नाव आणि खाली एखादा पत्ता दिसला, तर निरोप वेबसाइटचा आहे. तुमचा अँटिव्हायरस किंवा विंडोज बोलत असेल तर त्याचं स्वतःचं नाव असतं. वेबसाइटला तुमच्या संगणकाची व्हायरससाठी तपासणी करताच येत नाही, त्यामुळे ब्राउझरमधून आलेला ‘५ व्हायरस सापडले’ हा आकडा हवेतून काढलेलाच समजा.

पत्ता वाचताना नजर उजवीकडून डावीकडे न्या. ‘तुमचीबँक.सुरक्षा-तपासणी.क्लब’ असा पत्ता असेल, तर मालक ‘सुरक्षा-तपासणी.क्लब’ आहे. डावीकडे बँकेचं नाव कोणीही चिकटवू शकतं. अर्थहीन अक्षरं, मधे आकडे, कधी न ऐकलेला शेवट, हीही लक्षणं आहेत. पण पत्ता नीटनेटका आहे म्हणून निर्धास्त होऊ नका.

या ओळीला एक अपवाद आहे. वेबसाइट ‘ॲप’ म्हणून इन्स्टॉल केली असेल, तर काही ठिकाणी पत्त्याऐवजी ॲपचं नाव दिसतं, आणि ते नाव साइटने निवडलेलं असतं. अनोळखी साइटने ‘इन्स्टॉल’ विचारलं तर तिथेही नकोच म्हणा.

अँड्रॉइडवर खात्री करायची सोपी रीत आहे. पाटीवर बोट दाबून धरा. कुठल्या ॲपकडून आणि कुठल्या साइटकडून ती आली हे फोन स्वतः सांगतो, आणि तिथूनच ती बंदही करता येते. हा भाग फोनचा असल्याने त्यात साइटला ढवळाढवळ करता येत नाही. ब्राउझरऐवजी दुसऱ्याच ॲपचं नाव दिसलं, तर उपाय वेगळा. तो पुढे दिला आहे.

परवानगी काढून घ्या

ब्राउझरच्या आवृत्तीनुसार सेटिंग्जमधली नावं थोडी इकडेतिकडे होतात. वाट सापडली नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘नोटिफिकेशन’ टाइप करा.

*संगणकावर क्रोम.* उजवीकडच्या तीन टिंबांवर क्लिक करून ‘सेटिंग्ज’ उघडा. ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. खाली ‘अलाउ’ झालेल्या साइटची यादी दिसेल. प्रत्येक नावापुढच्या तीन टिंबांत ‘ब्लॉक’ आणि ‘रिमूव्ह’ असे पर्याय असतात. ‘रिमूव्ह’ केलं तर साइट यादीतून जाते, पण पुढच्या भेटीत पुन्हा विचारू शकते. ‘ब्लॉक’ केलं तर तिचं विचारणंही थांबतं. ठगाच्या पत्त्याला ‘ब्लॉक’ करा. जुन्या, विसरलेल्या पण निरुपद्रवी साइटना ‘रिमूव्ह’ पुरे. एकाच नावाचे, सुरुवातीचा तुकडा वेगळा असलेले चार-पाच पत्ते दिसले तर दचकू नका, ती वर सांगितलेली ढकलाढकल आहे. सगळे काढा.

*अँड्रॉइडवर क्रोम.* तीन टिंबं, ‘सेटिंग्ज’, ‘साइट सेटिंग्ज’, ‘नोटिफिकेशन्स’. साइटच्या नावावर टॅप करून परवानगी बंद करा.

*एज.* वाट क्रोमसारखीच, फक्त साइटच्या परवानग्यांचा विभाग आवृत्तीनुसार जागा बदलतो. इथे शोधपट्टीच बरी.

*फायरफॉक्स.* ‘सेटिंग्ज’, ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, खाली ‘परमिशन्स’, तिथे ‘नोटिफिकेशन्स’समोरचं ‘सेटिंग्ज’ बटण. नको त्या साइटपुढे ‘ब्लॉक’ निवडा आणि बदल जतन करा. जतन करायचं विसरून खिडकी बंद केली की सगळं जैसे थे राहतं. इथे हमखास चूक होते.

*मॅकवर सफारी.* मेनूत सफारी, ‘सेटिंग्ज’, ‘वेबसाइट्स’, डावीकडे ‘नोटिफिकेशन्स’. साइटपुढे ‘डिनाय’ निवडा.

एका संगणकात दोन ब्राउझर असतील, तर दोन्हीकडे पाहा. एकाच क्रोममध्ये घरचं आणि कामाचं अशी दोन प्रोफाइल असतील, तर प्रत्येकाची यादी स्वतंत्र असते. साफ केल्यावरही पाटी आली, तर बहुधा दुसरं प्रोफाइल राहून गेलेलं असतं.

विंडोजमध्ये पाटीवरूनच ‘क्रोमच्या सगळ्या नोटिफिकेशन बंद करा’ असा पर्याय मिळतो आणि तो मोहात पाडतो. त्याने पाट्या दिसेनाशा होतात, पण परवानगी ब्राउझरमध्ये तशीच राहते, आणि तुम्हाला हव्या असलेल्या सूचनाही जातात. विंडोजवर क्रोम बंद केल्यावरही पाट्या येत असतील, तर क्रोमच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टीम’ उघडून, क्रोम बंद केल्यावरही मागे ॲप चालू ठेवण्याचा पर्याय काढून टाका. हेही परवानगी काढण्याला पर्याय नाही, सोबतीला आहे.

तरीही पाट्या येत असतील तर

यादी रिकामी आहे, सगळी प्रोफाइल पाहून झाली आहेत, तरी जाहिराती उसळतातच? मग कारण दुसरं आहे. संगणकावर आधी ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्याला जोडलेले छोटे प्रोग्राम, पाहा. जी आठवत नाहीत ती काढा, विशेषतः शोध, कूपन, पीडीएफ आणि व्हिडिओ उतरवण्याच्या नावाखाली आलेली. त्यानंतर संगणकातल्या प्रोग्रामची यादी इन्स्टॉल केल्याच्या तारखेनुसार लावा आणि त्रास सुरू झाला त्या सुमाराची नावं तपासा. अँटिव्हायरसच्या पूर्ण तपासणीला खरा अर्थ आहे तो या टप्प्यावर.

अँड्रॉइडवर पाटी दाबून धरल्यावर अनोळखी ॲपचं नाव आलं, तर ते ॲप काढा. निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा; त्यात नंतर टाकलेली ॲप्स चालत नाहीत. मग सेटिंग्जमध्ये त्या ॲपला दिलेली ॲक्सेसिबिलिटीची आणि डिव्हाइस ॲडमिनची परवानगी काढा आणि ते अनइन्स्टॉल करा.

आयफोनची गोष्ट वेगळी. तिथे वेबसाइटला अशा सूचना पाठवता येतात, पण २०२३ च्या आयओएस १६.४ पासून, आणि साइट होम स्क्रीनवर जोडलेली असेल तरच. नुसत्या सफारीच्या टॅबमधून ‘अलाउ’ मिळवणं तिथे जमत नाही. आयफोनवर ‘तुमचा फोन संक्रमित झाला आहे’ असे इशारे रोज ठराविक वेळी येत असतील, तर आधी कॅलेंडर उघडा. ठगांनी एखादं कॅलेंडर सबस्क्राइब करायला लावून त्यात हे इशारे कार्यक्रम म्हणून भरलेले असतात. कॅलेंडर ॲपमध्ये ‘कॅलेंडर्स’वर टॅप करा, अनोळखी कॅलेंडरशेजारच्या ‘आय’ चिन्हावर जा आणि ते काढून टाका. एकेक कार्यक्रम पुसत बसू नका.

क्लिक झालंच असेल तर

नुसती पाटी दाबली आणि पान उघडलं, एवढंच घडलं असेल तर टॅब बंद करा आणि परवानगी काढा. बहुतेक वेळा प्रकरण इथेच संपतं.

पानाने पूर्ण स्क्रीन व्यापली, भोंगा वाजतोय, फोन नंबर झळकतोय आणि बंद करायला काही सापडत नाही, असंही होतं. एस्केप बटण दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटते. नाही सुटली तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि एस्केप. ब्राउझर पुन्हा उघडताना ‘आधीची पानं परत आणू का’ असं विचारेल, त्याला नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल. त्या नंबरवर फोन करू नका. खरी कंपनी संगणक अडकवून, स्क्रीनवर नंबर झळकवून फोन करायला लावत नाही.

पासवर्ड टाइप केला असेल, तर दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून तो लगेच बदला, सगळीकडून लॉग आउट करा आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा. तोच पासवर्ड अजून कुठे वापरला असेल तर तिथलाही बदला. कार्डाचा तपशील दिला असेल, तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून कार्ड बंद करून घ्या. नंबर इंटरनेटवर शोधू नका, कारण शोधातही खोटे ग्राहकसेवा नंबर पेरलेले असतात. पहिल्यांदा रक्कम अगदी किरकोळ कापली गेली म्हणून गप्प बसू नका. दर महिन्याला कापून घेणारी वर्गणी अशीच सुरू होते.

कोणाला एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारख्या प्रोग्राममधून संगणकाचा ताबा दिला असेल, तर आधी इंटरनेट तोडा, वाय-फाय बंद करा. मग तो प्रोग्राम काढा, पूर्ण तपासणी करा आणि पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. ताबा बराच वेळ दिला असेल, तर फाइल वेगळ्या ठेवून संगणकात सिस्टीम नव्याने टाकणंच जास्त भरवशाचं.

पैसे गेल्यानंतर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असा फोन किंवा निरोप आला, तर तो त्याच साखळीतला समजा. फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात.

विचारणाच बंद करायची तर

वर सांगितलेल्या नोटिफिकेशन्सच्या पानावरच क्रोममध्ये ‘साइटना नोटिफिकेशन पाठवू देऊ नका’ या अर्थाचा पर्याय असतो. फायरफॉक्समध्ये यादीच्या खाली ‘नव्या विनंत्या अडवा’ अशा अर्थाची खूण करायची चौकट असते. सफारीत साइटना परवानगी मागू देण्याची खूण काढून टाकायची. यानंतर चौकट येणारच नाही, आणि खोट्या कॅप्चाचं पान बाण दाखवत बसेल, पण दाबायला बटणच नसेल.

आमच्या मते बहुसंख्य लोकांनी हेच करावं. ज्येष्ठांच्या आणि मुलांच्या उपकरणांत तर नक्कीच. ईमेल किंवा चॅट ब्राउझरमध्ये उघडं ठेवून काम करत असाल, तर तेवढ्या एक-दोन साइट ‘अलाउ’च्या यादीत स्वतःच्या हाताने भरा. क्रोममध्ये त्या यादीशेजारी ‘ॲड’ बटण असतं, तिथे पत्ता लिहायचा. दुसऱ्याच्या उपकरणात हा बदल करत असाल, तर आधी त्याच्या यादीतलं एकेक नाव त्याला विचारा. नाव ओळखता आलं नाही तर काढा, आणि पुढच्या ब्राउझरकडे वळा.